सहादेवबाबांना बाधलेली डाळ

कुरकुर सुरू झाली ती अगदी बारीक, बिजागरीला तेल नसलेल्या दारासारखी. मग ती लांबली, एक वळसा घेऊन खाली उतरली आणि मध्येच कुठेतरी अडून बसली. शेजारच्या खाटेवरच्या सकीनाने पांघरुणातून तोंड बाहेर काढलं.

“तुझं पोट बोलतंय की गं, मालन.”

“बोलू दे,” मालन म्हणाली. “त्येला तरी बोलाया येतंय.”

आणि ती पुन्हा उताणी झाली. उताणं पडलं की छातीवर पायलीभर ज्वारी ठेवल्यासारखं व्हायचं. डाव्या कुशीवर वळलं की टाके ओढायचे, उजव्या कुशीवर वळलं की ओढायचेच, शिवाय खाटेखालच्या डब्यातल्या लाडवांचा वास थेट नाकात यायचा. सासूने, म्हणजे भीमाबाईंनी, ते सोनईहून आणले होते. साखर रेशनवर, म्हणून गुळातले. पण डिंक तुपात फुललेला, खारीक भरपूर. डब्याचं झाकण नीट बसत नव्हतं. आज गुरुवार; मालनच्या पोटात चार दिवसांत पाण्याच्या घोटांपलीकडे काही गेलं नव्हतं, तरी पोट असं तट्ट फुगलं होतं की मूल आत राहिलंय आणि बाहेर रडतंय ते दुसऱ्याच कुणाचं, असं वाटावं.

मूल सोमवारी पहाटे झालं. आडवं होतं. सोनईच्या सुईणीने दोन दिवस खटपट केली आणि हात टेकले. मग बैलगाडीतून सडकेपर्यंत, आणि सडकेवरून सर्व्हिस मोटारने नगरच्या एका मिशनच्या दवाखान्यात. लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं, मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची; प्रत्येक चढाला क्लीनर खाली उतरून मागची भट्टी ढोसायचा आणि आत मालन कळा द्यायची. दवाखान्यात पोट फाडून मूल काढलं. मुलगा, धडधाकट. नवरा कानिफनाथ मुलाचं तोंड बघून बैलांच्या काळजीने गावी परतला आणि सासू-सासरे मागे राहिले.

तिथल्या डॉक्टरीणबाईंना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी टाके घातले आणि भीमाबाईंना एकच नियम सांगितला. पोट उघडलं की आतडी रुसून बसतात. रुसवा गेला की वायू सरतो. तो सरेपर्यंत बाळंतिणीला अन्नाचा कण द्यायचा नाही.

मोठ्या बाई मराठी पुस्तकातून शिकलेल्या, त्यामुळे त्या ‘वायू’ म्हणायच्या आणि त्यांना काही वाटायचं नाही. वॉर्डातली सारा सिस्टर श्रीरामपूरची, ती नुसती भुवई उडवून “झालं का?” विचारायची. सकीना ‘हवा’ म्हणायची. भीमाबाई ‘ते’ म्हणायच्या, आणि तेही पदर तोंडाला लावून. जो साधा शब्द सोनईतलं शेंबडं पोरसुद्धा दिवसातून दहा वेळा वापरतं, तो त्या वॉर्डात कुणाच्याही तोंडून निघत नव्हता.

आता सहादेवबाबांचं सांगायला हवं. मालनचे सासरे, गावच्या पंचांतले एक. बांध कोणाचा, बैल कोणाचा, याचा वाद झाला की सहादेवबाबा काय म्हणतात ते ऐकायचं आणि घरी जायचं, अशी सोनईची रीत. लग्न होऊन चार वर्षं झाली, पण मालन त्यांच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. सून सासऱ्याशी बोलत नसते. ते घरात शिरण्याआधी उंबऱ्यावर खोकायचे, ही पदर ओढायची. त्यांनी भिंतीकडे बघून विचारायचं, “कालवन हाय का अजून?” हिने बांगडी एकदा वाजवली तर आहे, दोनदा वाजवली तर संपलं. एवढ्यावर चार वर्षं दोघांचं उत्तम जमलं होतं. कधीकधी तर भीमाबाईंशी तासभर बोलून त्यांना जे कळत नसे, ते त्या एका किणकिणीत कळायचं.

ऑपरेशनच्या आधी सारा सिस्टरने बांगड्या उतरवल्या. मनगट मोकळं नको म्हणून भीमाबाईंनी हळदीचा दोरा बांधला. दोरा काही वाजत नाही.

बुधवारी चार वाजता पुरुषमाणसांना आत सोडायची घंटा झाली. दाराशी ओळखीचा खोकला आला. मालनने पदर ओढला. सहादेवबाबा आत येऊन खाटेपासून चार हातांवर, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. भीमाबाईंनी नातू त्यांच्या हातांवर ठेवला. सासऱ्याकडे पाठ व्हावी म्हणून मालन सावकाश कुशीवर वळली, आणि तीन दिवस रुसलेल्या आतड्यांची नेमकी त्याच घटकेला समजूत पटली.

आवाज काही लहान नव्हता. खिडकीच्या गजावरची चिमणी उडाली. बाळाने दचकून दोन्ही हात पसरले आणि टाहो फोडला. मग बाळही थांबलं, आणि वॉर्डात अशी शांतता पसरली की पलीकडच्या खोलीत उकळत्या पाण्यात वाजणाऱ्या सुया ऐकू येऊ लागल्या.

भीमाबाईंनी मान सावकाश वळवली. मालनने डोळे मिटले. धरणीने पोटात घ्यावं म्हणतात, पण तिला या क्षणी पोट हा शब्दच नको होता.

“खानावळीतली डाळ बाधली जराशी,” सहादेवबाबा म्हणाले.

बांधाचा निवाडा सांगतात त्याच आवाजात म्हणाले. मागेपुढे बघितलं नाही, अडखळले नाहीत.

भीमाबाईंनी नातू काढून घेतला. “या वयात. सुनंच्या खाटंपाशी. पोराच्या तोंडावर.” त्यांनी मानेनेच दार दाखवलं. “बाहीर व्हा आधी.”

सहादेवबाबा बाहेर झाले. दारात मात्र ते एकदा हळूच खोकले. तो खोकला मालनला बरोबर कळला. असू दे पोरी, असा होता.

घटकाभराने सारा सिस्टर आली आणि तिने भुवई उडवली. “झालं का?”

मालनने तोंड उघडलं. उशाशी सासू, तिच्या आत्याबाई, बसलेल्या, अजून धुमसत. झालं म्हणावं, तर कधी, असं विचारणार. कधी ते सांगितलं की मामंजींचं पितळ उघडं पडणार. गावाने ज्याच्या शब्दावर बांध घातले तो माणूस खोटं बोलला, आणि सुनेच्या कसल्या गोष्टीसाठी बोलला, हे सारा सिस्टरच्या खणखणीत आवाजात वॉर्डभर होणार. एकांतात सांगावं तर सारा सिस्टरला एकांत ठाऊकच नव्हता. ती ताप किती तेही तीन खाटा ओलांडून सांगायची.

“न्हाई,” मालन म्हणाली.

सकीनाने पलीकडून तिच्याकडे पाहिलं, आणि पांघरूण तोंडावर घेतलं. तिला सगळं कळलं होतं. पण परक्या घरची अब्रू, तिने कशाला बोलावं.

खरं तर एक झालं म्हणजे वाट मोकळी झाली होती, पुढचं सुखाने व्हायला हरकत नव्हती. पण वॉर्डातून हाकललेल्या सहादेवबाबांनी व्हरांड्यात नेमकं मालनच्या खिडकीखाली घोंगडं अंथरलं. त्यांना वाटलं, निदान नातवाचं रडणं तरी ऐकू येईल. म्हणजे खिडकीखाली मामंजी, उशाशी आत्याबाई. आतडी आता शहाणी झाली होती, घटकेघटकेला निरोप धाडत होती, आणि मालन दात आवळून एकेक निरोप दारातूनच परत लावत होती. पोट फुगत चाललं. ती कूस बदलायची, गुडघे जवळ घ्यायची, परत सोडायची. लोखंडी खाट रात्रंदिवस करकरत होती.

गुरुवारी मोठ्या बाईंनी पोटाला नळी लावून ऐकलं. “आतड्यांचा आवाज उत्तम येतो आहे,” त्या म्हणाल्या. “मग वायू का सरत नाही? हे मला समजत नाही.”

सारा सिस्टरने टर्पेंटाईनच्या गरम फडक्यांनी शेकलं. भीमाबाईंना बेंबीला हिंग लावायचा होता. बेंबी पट्टीखाली सापडेना, तेव्हा त्यांनी तो तळपायांना चोळला. सगळा वॉर्ड फोडणीसारखा दरवळू लागला. नातेवाइकांच्या चुलीवर त्यांनी ओवा-हिंगाचा काढा उकळला. तो मालनला द्यायची बंदी, टाकून द्यायचा जीव होईना, म्हणून त्यांनी तो खिडकीतून खाली दिला. “घ्या. येकदम प्या. परत नातवाफुडं तसलं नगं.”

सहादेवबाबा प्याले. सकाळी एक वाटी, दुपारी एक वाटी. डाळ बंद झाली, हरभरा बंद, वांगं बंद, शेंगदाणेसुद्धा बंद. ताटलीत तांदळाची पेज येऊ लागली. आत जिला व्हायला हवं होतं तिला ते आणायचे उपाय चालले होते, बाहेर ज्याला मुळात झालंच नव्हतं त्याचं थांबवायचे. दोघंही उपाशी, आणि दोघंही गप्प.

त्यात बाळाची भर. मालनला दूध येत नव्हतं. उपाशी बाईला कुठून येणार? सारा सिस्टर त्याला गाईच्या दुधात कापसाचा बोळा भिजवून चोखायला द्यायची. तो बोळा फेकायचा आणि रडायचा. तो रडला की मालनचा ऊर भरून यायचा, पण दुधाने नव्हे.

शुक्रवार उजाडला. बाळाची पाचवी. घरी असते तर आज मालनपुढे भरलं ताट असतं. त्याऐवजी मोठ्या बाई आल्या, पोटावर दोन बोटांनी टिचकी मारली, ते डफासारखं वाजलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. तीन वाजेपर्यंत वाट पाहू, त्या म्हणाल्या. मग नाकातून पोटात नळी घालू. आतडं कुठे पिळलं असेल तर नळीनेही भागणार नाही, संध्याकाळी पोट पुन्हा उघडावं लागेल.

भीमाबाई मटकन लाडवाच्या डब्यावरच बसल्या. झाकण तेवढं अखेर नीट बसलं.

मालनने चादर घट्ट धरली. आता सांगायलाच हवं. ती उठायला गेली, तेवढ्यात भीमाबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, “देवाचा बी काय न्याय हाय बगा. त्या म्हाताऱ्याला फुकटचं देतोय, आन् माझ्या सुनंला येक देत न्हाई.” मालनचं तोंड पुन्हा मिटलं.

बाहेर व्हरांड्यात सकीनाचा नवरा खाजाभाई बसला होता. कापडबाजारात त्याचं बांगड्यांचं दुकान. सहादेवबाबांनी त्याला विचारलं, सूनबाईला परत कापणार म्हणतात ते कशापायी? बायकांच्या गोष्टी कुणी त्यांना सांगितल्याच नव्हत्या. त्यांना वाटत होतं टाके पिकले असतील. खाजाभाईने हळू आवाजात सगळं समजावलं. काय व्हायला हवं, कुठून व्हायला हवं, आणि ते झालं नाही म्हणून काय होणार.

खिडकीखाली वहाणांची करकर सुरू झाली. व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत इकडे, परत तिकडे. मालनला पडल्या जागेवरून व्हरांडा दिसत नव्हता, पण ती करकर तिला खोकल्याइतकीच कळत होती.

करकर खिडकीशी थांबली. “अगं,” सहादेवबाबा म्हणाले, “त्या शिस्टरबाईला सांग, सूनबाईचं काम झालंय म्हनून.”

“कंचं काम?” भीमाबाईंनी विचारलं.

“झालंय.”

“तुमाला काय ठावं?”

याला सहादेवबाबांकडे उत्तर होतं, पण सांगण्यासारखं नव्हतं. करकर निघून गेली. थोड्या वेळाने ती सारा सिस्टरच्या मागे जाताना ऐकू आली. सहादेवबाबा तिला काकुळतीने काहीबाही सांगत होते. बुधवारचं ते... डाळीचं नव्हं... मी म्हनलो खरा, पन... सारा सिस्टरच्या हातात सुयांचा ट्रे, मागे चार बाया हाका मारताहेत. तिला एवढंच कळलं की या म्हाताऱ्याचं पोट बुधवारपासून बिघडलंय आणि तो बोलायला लाजतोय. तिने त्यांना कंपाउंडरच्या खिडकीकडे धाडलं. कंपाउंडरने फार चौकशी केली नाही. पुढे रांग मोठी होती. त्याने एरंडेल दिलं, पेलाभर, आणि समोर उभं करून पाजलं.

त्यानंतर मालनला खिडकीतून जे दिसलं ते ती जन्मभर विसरली नसेल. तिचे सासरे, सोनईचे पंच, पागोटं सावरत, हातात टमरेल घेऊन, कुंपणापलीकडच्या माळाकडे लगबगीने चाललेले. परत आले. घोंगड्यावर टेकले, न टेकले, पुन्हा उठले. तिसऱ्या खेपेला डोक्यावर पागोटंच नव्हतं. चार वर्षांत मालनने त्यांचं उघडं डोकं पाहिलं नव्हतं. टक्कल होतं, लहान मुलासारखं.

तीन वाजले. मोठ्या बाई आल्या. मागे सारा सिस्टर, हातात ट्रे, ट्रेमध्ये लालभडक रबरी नळी, वेटोळं करून ठेवलेली. खिडकीत सहादेवबाबांची सावली येऊन उभी राहिली.

“थांबा,” मालन म्हणाली.

भीमाबाई दचकल्या. मामंजी खिडकीत असताना सुनेचा आवाज निघाला होता.

“बुधवारचं ते मामंजींचं नव्हतं,” मालन म्हणाली. “ती डाळ माझी हुती.”

“डाळ?” मोठ्या बाई सरळ झाल्या. “हिला डाळ कोणी दिली?” आणि त्या भीमाबाईंकडे वळल्या. भीमाबाई देवाची शपथ घेऊ लागल्या की डाळीचा दाणासुद्धा आपण खाटेजवळ आणला नाही, हवं तर डबा उघडून दाखवते. डबा उघडला तर त्यात चार शेर लाडू. ते बघून मोठ्या बाई आणखीच बिथरल्या. सारा सिस्टरची भुवई तेवढी हळूहळू वर चढत गेली, आणि पार वर गेल्यावर तिने मोठ्या बाईंच्या कानात काहीतरी सांगितलं.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. “बुधवारी? आणि त्यानंतर?”

“धरून ठिवलंय,” मालन म्हणाली.

“दोन दिवस? कशासाठी?”

मालनने खिडकीकडे पाहिलं. मोठ्या बाईंनीही पाहिलं. सावली केव्हाच हलली होती. सहादेवबाबा कुणी न सांगताच अंगणातल्या पार टोकाच्या लिंबाखाली जाऊन, पाठ करून उभे होते. भीमाबाई त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या. काढ्याच्या चार वाट्या, पेज, एरंडेल, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं असावं, कारण त्यांनी एकदम नाक ओढलं.

“ठीक,” मोठ्या बाई म्हणाल्या. “आता धरू नका.”

सगळे थांबले. मोठ्या बाई घड्याळ बघत होत्या, सारा सिस्टर पोट बघत होती, भीमाबाई देवाचं नाव घेत होत्या. आणि इतकी माणसं वाट बघत उभी राहिल्यावर जे व्हायचं तेच झालं. काहीच झालं नाही. लाजरं वासरूसुद्धा टक लावून बघितलं तर पाण्याला तोंड लावत नाही. मालनने डोळे मिटले, उघडले. पोट दगडासारखं. सारा सिस्टरने ट्रे पुन्हा उचलला.

“मालन,” सकीना पांघरुणातून म्हणाली, “शिजली का गं डाळ? का अजून येक लाकूड सारू?”

मालन हसली. हसली आणि टाके ओढले, म्हणून तिने उशी पोटाशी धरली, आणि उशी धरल्यावर तिला आणखी हसू आलं. हसू नको, हसू नको, सारा सिस्टर म्हणत होती आणि स्वतःच खिदळत होती. मालनच्या डोळ्यांतून पाणी आलं, तिने श्वास सोडला, आणि दोन दिवस परत लावलेले सगळे निरोप एकाच वेळी दारावर आले.

बुधवारचा आवाज त्याच्यापुढे काहीच नव्हता. तो लांबला, थांबला, आता संपला असं वाटलं, आणि पुन्हा सुरू झाला. खिडकीतून बाहेर पडला, व्हरांडा ओलांडून अंगणात गेला, आणि थेट लिंबापर्यंत पोचला.

लिंबाखाली सहादेवबाबा ताठ झाले. घसा खाकरला. आणि तीस पावलांवरून, मागे न वळता, मोठ्याने म्हणाले, “माझंच हुतं ते. डाळ बाधली.”

भीमाबाई उठल्या. एका हातात लाडवांचा उघडा डबा तसाच घेऊन त्या खिडकीशी गेल्या, दुसऱ्या हाताने गज धरला. पदर तोंडाला लावायला हात मोकळा राहिला नव्हता. नातू झाल्याचं त्यांनी सोमवारी व्हरांड्यात ज्या आवाजात सांगितलं होतं, त्याच्याहून चढ्या आवाजात त्या म्हणाल्या,

“गप बसा तुमी. तुमचं न्हाई ते. माझी सून पादली.”